शेवटचे चाळीस प्रश्न

"शेवटचे चाळीस प्रश्न तिनं कोरे सोडलेत." अभयसरांनी उत्तरपत्रिका तात्यासाहेबांपुढं सरकवली. "दर रविवारी हेच. येत नाहीत म्हणावं, तर तेच प्रश्न मी तोंडी विचारले. सगळे बरोबर सांगितले तिनं."

श्रेया टेबलाशेजारी मान खाली घालून उभी होती. उस्मानपुऱ्यातल्या त्या क्लासमध्ये नीटची तयारी करणारी दीडशे मुलं होती. वीस वर्षांची श्रेया त्यांच्यात थोरली.

"परीक्षेला दीड महिना राहिला," सर म्हणाले. "ही पहिल्या पाचात यायला पाहिजे. पहिल्या दहांचे फोटो आम्ही शहागंजात लावतो."

"फोटो नको," तात्यासाहेब म्हणाले.

"का?"

"नको म्हणलं ना सर."

सरांनी या माणसाला चार महिने पाहिलं होतं. दर रविवारी दौलताबादहून स्कूटरवर यायचा. टेस्ट सुटेपर्यंत तीन तास पायरीवर बसून राहायचा, नजर रस्त्यावर. पोरीला होस्टेलवर ठेवलेलं, पण तिथल्या बाईंना ताकीद, की कुणाला भेटू द्यायचं नाही. तिचा मोबाइलही त्यानं काढून घेतला होता.

तीन वर्षांपूर्वी असाच धाक असलेला एक मुलगा परीक्षेच्या तोंडावर निघून गेला होता. अजून सापडला नव्हता. सरांना तेव्हा सगळं दिसत होतं आणि ते गप्प बसले होते.

"तात्यासाहेब, तिला जरा मोकळा श्वास घेऊ द्या."

"पेपर होऊ द्या. मग घेईल." तात्यासाहेब उठले आणि जिना उतरून गेले.

सरांनी श्रेयाला थांबवलं.

"तुला घरी कुणाची भीती वाटते का?"

ती हळूच म्हणाली, "वडिलांची."

"मारतात?"

"एकदा मारलं." तिनं डोळे पुसले. "कुणाला बोलू नका सर. माझा पेपर बुडंल."

ती गेली. सर खिडकीशी उभे राहिले. तात्यासाहेबांनी रस्त्याची दोन्ही टोकं न्याहाळली, मग तिला हाक मारली. ओढणीनं तोंड गुंडाळून ती मुकाट मागं बसली. स्कूटर गेली.

सरांना राहवलं नाही. त्यांनी प्रवेशाचा फॉर्म काढला. पालक म्हणून तात्यासाहेबांचं नाव होतं, खाली घरचा दुसरा नंबर. तो त्यांनी लावला. साळूबाई नावाच्या बाईंनी उचलला.

"श्रेयाची आई का?"

"आईच समजा. काय झालं सर?"

"बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोरगी वडिलांच्या धाकानं खचलीय. तुम्ही त्यांना आवरलं नाही, तर तिचं काही खरं नाही."



"मी काय आवरणार त्याला? दोन महिने झाले, हुडकत फिरतोय तिला."

"हुडकत? आत्ता माझ्यासमोर गाडीवर बसवून नेलं त्यांनी."

"ते व्हय? ते माझे मालक." साळूबाईंचा आवाज खाली आला. "आमचा पोरगा सत्यम ॲक्सिडेंटात गेला अन् वरीस व्हायच्या आत तिच्या बापानं तिचं दुसरं लगीन ठरवलं. त्या बापाचं दुकान हाय शहागंजात. आम्ही त्याला सांगितलंय, सून पुण्याला नोकरीला गेली."