चोवीस-सत्तर

"एकशेपाचवाली घे, आई," आभा तिसऱ्यांदा म्हणाली.

कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर दोन झूम लेन्स होत्या, एक जवळून टिपायची चोवीस-सत्तर, दुसरी लांबचं ओढणारी चोवीस-एकशेपाच. ज्योत्स्नाने चोवीस-सत्तर उचलली आणि आपल्या फुलफ्रेम मिररलेस कॅमेऱ्याला लावून पाहिली. जुन्या लेन्सला बुरशी लागली होती आणि परवावर आभाची, पोटच्या पोरीची हळद आली होती. ती तिला हातभर अंतरावरून टिपायची होती. बाकीचं लग्न कुणीही काढो.

दुकानदार सुयशही ज्योत्स्नाच्याच बाजूने बोलला. हळदीचा पंचवटीतला हॉल म्हणजे भुयार, तिथे कमी उजेडात हीच चालणार. फक्त चेहरा भरून हवा तर जवळ जावं लागेल. ज्योत्स्ना हसली. ती जवळ जाते म्हणून तर नाशिकरोडपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत लोक तिला बोलवत होते. नवरा गेल्यापासून तेरा वर्षं तिचं हेच काम. नवरीच्या पायाशी बसकण मारायची, हळदीचे शिंतोडे अंगावर घ्यायचे.

आभा काही हटेना. एकशेपाचने लांबून निभेल, तुझे गुडघे दुखतात, म्हणाली. त्यावर सुयश विरघळलाच. ताई, काळजी करणारी पोर आहे, नशीब काढलंत तुम्ही, म्हणाला.

"गुडघ्यांचं राहू दे," ज्योत्स्ना म्हणाली. "खरं काय ते बोल."

आभा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"चांगुणाआत्या म्हणाली, हळदीला पाटाजवळ सवाष्णीच हव्यात. तू मागून काढ. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, आई."

"मग तू काय म्हणालीस तिला?"

आभाने दुसरी लेन्स उगाच आईकडे सरकवली. म्हणजे तिथेही ती गप्पच बसली होती.

चांगुणा ही मेलेल्या नवऱ्याची बहीण. भाऊ काविळीने गेला आणि शिक्षा भावजयीला. लोकांच्या शेकडो लेकींच्या हळदीत ज्योत्स्नाला कुणी पाटापासून उठवलं नव्हतं. कॅमेरा तोंडासमोर धरलेल्या बाईच्या कपाळाकडे कुणी बघतच नाही. हे तिला आज कळत होतं, तेही स्वतःच्या लेकीमुळे.

"सत्तरचीच बांध, सुयश," ती म्हणाली. मग पोरीकडे वळली. "आत्याला सांग, हळदीला आई येणार नाही. फोटोवाली येईल."