सामायिक भिंत

"मॅडम, हे कपाट सरकवावं लागेल," पार्थ म्हणाला. "केबलचा पॉइंट ह्याच्या मागेच आलाय. फायरवॉलचा डबा इथेच बसेल."

"दुसरीकडे बसव," नंदिनी म्हणाली. "ते कपाट हलवायचं नाही."

पार्थ नुसता हसला. कॉम्प्युटरची कामं करत तो तुर्भ्याच्या गाळ्यागाळ्यांतून फिरायचा आणि असले हट्ट त्यानं पुष्कळ पाहिले होते. मागच्या महिन्यात व्हायरसनं नंदिनीच्या छपाईच्या गाळ्यातली सगळी डिझाइनं खाऊन टाकली, तेव्हा तिचा नवरा श्यामसुंदर यानंच त्याला गाठलं होतं. आज नेमका श्यामसुंदर वाशीला माल पोचवायला गेला होता.

"ह्या डब्याला फायरवॉल का म्हणतात?" तिनं विचारलं. तेवढाच कपाटाचा विषय मागे पडेल.

समजावून सांगायला मिळालं की पार्थची कळी खुलायची. "शब्द मुळात आमचा नाहीच, मॅडम. बांधकामवाल्यांचा. दोन गाळ्यांच्या मध्ये मुद्दाम जाड भिंत घालायची. दार नाही, खिडकी नाही. एकीकडे आग लागली तर दुसरीकडे जायला नको. मग गाडीत इंजिन आणि ड्रायव्हरच्या मध्ये जो पत्रा असतो ना, त्यालाही तेच नाव पडलं. आमच्या लोकांनी फार उशिरा उचलला तो शब्द. बाहेर इंटरनेटवर काय पेटायचं ते पेटू दे, आत येणार नाही." त्यानं कपाटाशेजारच्या भिंतीवर थाप मारली. "ही बघा तुमची ओरिजिनल फायरवॉल! पलीकडचं सगळं खाक झालं म्हणे, आणि तुमच्याकडे साधा कागद करपला नाही. भिंत असावी तर अशी."

नंदिनीनं कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहायचं टाळलं. तिथे फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत बसलेले बाबासो कोण, हे पार्थला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पलीकडचा फोमचा गाळा त्यांचाच. दिवाळीनंतर एका सुट्टीच्या दिवशी तो पेटला. आग शटरच्या तोंडाशी होती, गाळ्यातच राहणारा त्यांचा धाकटा भाऊ रूपेश मागच्या बाजूला अडकला, आणि तिथेच गेला. गाळा उभा राहीपर्यंत नंदिनीनं बाबासोंना आपल्याकडे टेबल दिलं होतं. आजूबाजूचे सगळे तिच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक करायचे. कौतुक ऐकलं की ती विषय बदलायची.

बाबासोंनी फोन ठेवला. ते रागावले नव्हते. उठून कपाटापाशी आले.

"वहिनी, ह्येचं काम खोळंबतंय. सरका तुमी, मी लावतो हात."

"नको भाऊ, जड आहे ते."

"जड उचलन्यातच जलम गेला माझा."

त्यांनी खांदा लावला, दुसऱ्या बाजूनं पार्थनं रेटा दिला आणि कपाट करकरत बाजूला झालं.

भिंतीत परातीएवढा खड्डा होता. गिलावा उडालेला, काँक्रीट फोडून फोडून आतल्या सळ्या उघड्या पडलेल्या. खड्डा आरपार गेलेला नव्हता.

"बापरे," पार्थ म्हणाला. "हे आगीनं झालं?"

"आगीनं न्हाई." बाबासोंनी खड्ड्याच्या कडेवरून हात फिरवला. "ह्यो घण हाय. आन् ह्या बाजूनं मारलाय."

नंदिनीनं खड्ड्यावरून नजर काढून घेतली. रूपेश धुरानं गुदमरून झोपेतच गेला असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवशी धावत आलेल्या बाबासोंनी तिला विचारलंही होतं, वहिनी, काय आवाज आला का? तिनं नाही म्हणून मान हलवली होती. त्या एका 'नाही'वर ह्या माणसानं इतके दिवस काढले. आता खरं सांगावं तर तो आधार आपल्याच हातानं काढून घ्यायचा. आणि खोटं बोलायला तिची जीभ आता रेटेना.

"वहिनी, त्यो जागा हुता?"

पार्थला एकदम सगळं उमगलं. तो मान खाली घालून बाहेर शटरपाशी जाऊन उभा राहिला.

"भिंत ठोकत होता," नंदिनी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "मी आणि हे, दोघंच होतो इथे. मशीन बसवायचा घण होता, तो घेतला. आळीपाळीनं मारत राहिलो, बंब येईपर्यंत. फुटलीच नाही भाऊ, कशी ती फुटलीच नाही. आमचा घाव पडला की तिकडून तोही ठोकायचा. आमचा पडला की तोही. मग नुसते आमचेच."

बाबासो खड्ड्याकडे बघत राहिले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तरी नंदिनीनं त्या मुकाट ऐकून घेतल्या असत्या. पण त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"म्हंजे त्येला घणाचा आवाज येत हुता," ते म्हणाले.

तिनं मान डोलावली.

"झोपंतच गेला म्हनून आईला किती येळा सांगितलं. तिला पटत न्हाई. तिनं एकच धोशा लावलाय, माझं लेकरू एकलं गेलं म्हनून."

त्यांनी खिशातून फोन काढला. गावी लागायला वेळ लागला. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"आई," ते म्हणाले, "रूपेश एकला न्हवता गं."