चाफ्याचं मूळ

शनिवारी दुपारपर्यंत तोआकासे चटई विणत होती आणि अधूनमधून मुलीला टोमणे मारत होती.

"सिलिया, वाचून झालं असेल तर नारळ खवून दे. पुस्तक काही कालवणात घालता येत नाही."

"उद्या खवते."

"उद्या रविवार. देवाच्या दिवशी खवणीवर बसशील?"

रविवारी चर्चला निघताना सिलियाने हाक मारली. आई चटईसमोरच बसली होती. केवड्याची पात धरलेला हात अर्धवट उचललेला. डोळे उघडे. उत्तर नाही.

सिलियाने तो हात हळूच आणखी वर केला आणि सोडला. हात हवेतच राहिला. असंच होईल हे तिला ठाऊक होतं.

मंगळवार उजाडला तरी आईने पाण्याचा घोट घेतला नव्हता. ओठ तडकले होते.

लावेनिया आत्या दोन माणसं आणि फावडी घेऊन आली. भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा. अख्ख्या टोंगा बेटांवर आत्यापुढे कोणी आवाज चढवत नाही.

"तुझ्या बापाच्या कबरीवर चाफा वाढलाय," आत्या म्हणाली. "मूळ हाडांत शिरलं असणार. दुखतंय त्याला, म्हणून हिला धरून बसलाय. मूळ काढलं की सोडेल."

"आत्या, हा आजार आहे. मी वाचलंय. दवाखान्यात..."

"दवाखाना! माझ्या भावाला त्यांनी दारातून परत पाठवलं. यावर औषध नाही म्हणाले. तूच येऊन सांगितलंस ना? मग तुझ्या आजोबांची कबर उकरली, पण तोवर उशीर झाला. नऊ दिवसांत गेला तो."

सिलिया खाली बघत राहिली. "त्याला तीन वर्षं झाली. आता असेल औषध."

"आणि गाव हिला वेडी म्हणेल, ते?"

"म्हणू दे."

आत्याने माणसांना फावडी खाली ठेवायला लावली. मग म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबते. मीही येते गाडीत. सुईने भागलं नाही, तर फावडी."

शेजाऱ्याच्या उघड्या गाडीत मागे गादी टाकून आईला निजवलं. सिलिया गाडी चालवत होती. चर्चच्या वळणावर तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"काय झालं गं?" आत्या मागून ओरडली.

"काही नाही."

बऱ्याच वेळाने गाडी पुढे सरकली.

दवाखान्याच्या आवारात कुठल्या दाराने जायचं ते तिला कळेना.

"बापाला तूच आणलं होतंस ना?" आत्याने विचारलं.

"भिंतींचा रंग बदललाय," सिलिया म्हणाली.

डॉक्टर फिनाऊंनी आईचा हात उचलला, सोडला, हवेत राहिलेला पाहिला. "कॅटाटोनिया. मेंदूचा म्हणा, मनाचा म्हणा, दोन्हीचा आजार आहे हा. हलायचं असूनही हलता येत नाही. औषध बहुतेकांना लागू पडतं. वेळेत दिलं तर."

त्यांनी शिरेतून औषध दिलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आत्या ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होती. सिलिया त्या हातावरून नजर काढत नव्हती. तेराव्या मिनिटाला हात खाली आला.

आईने पाणी मागितलं. मग खरखरीत आवाजात म्हणाली, "वन्सं, फावडी जागेवर ठेवा. त्या चाफ्याला मीच पाणी घालते."

आत्या हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"म्हणजे हिला ऐकू येत होतं?" सिलियाने विचारलं.

"बहुधा सगळंच," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळांना येतं. बरे झाले की सांगतात."

"मग बाबांनाही..." सिलिया पुटपुटली.

आत्या एकदम उठली. "आणि माझा भाऊ? तोही असाच पडला होता. एका सुईचं काम, आणि तुम्ही त्याला दारातून हाकललंत?"

"मावशी, असं आम्ही कुणालाच..." डॉक्टर गोंधळले. "नाव सांगा. जुन्या नोंदी आहेत आमच्याकडे. त्या दिवशी कामावर कोण होतं ते बघतो. त्याला जाब द्यावा लागेल."

"द्यायलाच हवा! माझ्या भावाचा जीव घेतलाय त्याने. सिलिया, सांग, कोण होता? तोंड आठवतंय ना?"

उशीवरून आई मुलीकडे बघत होती.

"कोणी नव्हतं, आत्या," सिलिया म्हणाली. "गाव वेडं म्हणेल या भीतीने चर्चच्या वळणावरूनच मी गाडी मागे फिरवली. बाबांना मी इथे आणलंच नव्हतं."