चारही पेटलेत

अँप्लिफायर दिसत होता झकास, वाजत मात्र नव्हता.

नवरा त्याच्यासमोर उकिडवा बसला होता आणि बायको गळ्यात गिटार अडकवून उभी होती. तिने पुन्हा तार छेडली. स्पीकरमधून हूं की चूं नाही.

"परत वाजव."

"वाजवलं ना."

"मग ऐकू का येत नाही?"

याचं उत्तर ठाऊक असतं तर ती अशी ताटकळत उभी राहिली असती का? पण नवऱ्याला हे कोण सांगणार!

वर्षभर खपून त्याने तो अँप्लिफायर तिच्यासाठी घरी बनवला होता. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे चार व्हॉल्व्ह, लाकडी खोकं, सगळं हाताने. कालपर्यंत खणखणीत वाजत होता. पण चालू असताना व्हॉल्व्हमध्ये येणारी लाली इतकी मंद, की चार पावलं मागे सरलं की दिसायची नाही. बायको आज संध्याकाळच्या कार्यक्रमात इतक्या वर्षांनी लोकांसमोर वाजवणार, तेही स्वतः बांधलेलं गाणं, म्हटल्यावर याला थाटमाट सुचला. आज दुपारी त्याने प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडाशी एकेक नारिंगी एलईडी बसवला. त्यांना करंट आतूनच दिला तर स्पीकर गुणगुणतो, म्हणून वेगळी छोटी बॅटरी लावली. आता काचा निखाऱ्यासारख्या फुलल्या होत्या आणि तो त्यांच्याकडे बघून बघून चक्रावला होता.

"चारही पेटलेत," तो म्हणाला. हे तो मघापासून म्हणत होता. "म्हणजे हा ठीक आहे. दोष तुझ्या बाजूला."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या धंद्यात एक शिस्त असते. लिफ्ट अडली की लगेच यंत्राला हात घालायचा नाही. आधी माणसांना विचारायचं, दार नीट लावलं होतं का? बहुतेक वेळा कुणीतरी दार अर्धवट सोडलेलं असतंच. शिस्त चांगली होती, पण हा माणूस ती रोज डब्याबरोबर घरी घेऊन यायचा. मिक्सर बंद पडला, तूच ठासून भरला असशील. नळ गळायला लागला, जोरात पिळला असशील. लग्नानंतर सुरुवातीला बायको भांडायची. मग तिने नाद सोडला.

त्याने केबल बदलली. काही नाही. मग गिटारची मागची पट्टी उघडली, सोल्डरिंगची गन तापलेलीच होती, आतल्या चांगल्याभल्या दोन तारा सोडवल्या आणि पुन्हा जोडल्या. तरीही काही नाही.

मेहुणी गाडीची किल्ली नाचवत दारात आली. "भाऊजी, सजावट पुरे. ताईला घेऊन जायचंय मला. तिथे सगळे खोळंबलेत."

"थांब जरा." त्याने कपाळ चोळलं. जोडणी बरोबर. केबल नवी. चारही पेटलेत. मग आवाज जातो कुठे? हातातोंडाशी आलेलं काम असं का रुसावं, त्याला काही केल्या कळेना. न कळलं की त्याचं तोंड आधी चालायचं.

"तू बोटं नीट दाबतेस ना?"

बोलता बोलताच त्याला वाटलं, हे नको होतं बोलायला.

बायकोने गिटार गळ्यातून काढली आणि खुर्चीवर ठेवली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माझंच काहीतरी असणार," ती म्हणाली. "मला सकाळपासून वाटतच होतं, माझ्याने हे व्हायचं नाही." मग बहिणीकडे वळून, "फोन कर त्यांना. येत नाही म्हणावं."

"अगं ताई..."

"कर."

मेहुणीने भाऊजींकडे एक जळजळीत नजर टाकली आणि फोन कानाला लावला.

नवऱ्याला फार वाईट वाटलं. तिला मंचावर बसवायला केलेली वस्तू तिला घरी बसवत होती. तो अँप्लिफायर बंद करायला उठला आणि प्लग काढायला टेबलामागे वाकला.

सॉकेटमध्ये सोल्डरिंगच्या गनचा प्लग होता. दिवे बसवताना दुपारी त्यानेच तो तिथे खोचला होता. अँप्लिफायरचा प्लग खाली फरशीवर पडला होता.

तो प्लग हातात घेऊन उभा राहिला. आधी प्लगकडे पाहिलं, मग व्हॉल्व्हकडे. चारही पेटलेले. हात लावून बघितला, काच थंडगार.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"हा... लावलाच नव्हता."

"मग हे पेटलेत कशावर?"

"बॅटरीवर. ते नुसते दिवे आहेत."

मेहुणी फोनमध्ये म्हणाली, "हॅलो? हो, तिचीच बहीण. एक मिनिट हं, धरा."

बायको त्याच्या हातातल्या प्लगकडे बघत राहिली.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

"परत म्हण."

त्याला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल. "नाही. तुझं काही चुकलं नव्हतं."

"परत."

तो गोंधळला. मेहुणीकडे पाहिलं, तर ती फोन छातीशी धरून छताकडे बघत होती. "तुझं काही चुकलं नव्हतं. अगं, म्हटलं की! किती वेळा म्हणू?"

बायकोने गिटार उचलून पुन्हा गळ्यात अडकवली.

"मी थांब म्हणेपर्यंत."