बॉनेटवरची रेघ

मास्तरांनी हातोडा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. छताच्या काचेतून दुपारचं ऊन बॉनेटवर पडलं होतं, आणि त्यात ती बारीक रेघ दिव्यापासून समोरच्या काचेपर्यंत चमकत होती. त्या एका रेघेमुळे जागच्या जागी उभी असलेली गाडी हळूच कुठेतरी निघाल्यासारखी वाटायची. मास्तरांना तरी ती कायम तशीच वाटत आली होती.

"बाबा, मी करू का?" मुलीने विचारलं. गॅरेज आता तीच चालवायची.

"नको. चूक माझी, निस्तरायचीही मीच."

चूक फार जुनी होती. परदेशी कंपनीने मास्तरांच्या कारखान्याला ही स्पोर्ट्‌स कार इथे बनवायचा परवाना दिला, तेव्हा अट एकच घातली होती: गाडी नकाशाबरहुकूम हवी, केसाचाही फरक नको. नकाशांच्या नकला टपालाने, घड्या घालून आल्या. पहिलं बॉनेट ठोकायचा मान तरुण मास्तरांना मिळाला. नकाशावर त्यांना एक पुसट रेघ दिसली. ती पत्र्यावर उतरवताना पंधरा दिवस कसे गेले, त्यांना कळलंही नाही. जेवतानासुद्धा त्यांचं बोट ताटाच्या काठावर तीच रेघ ओढत असे. चाळीस गाड्या बाहेर पडल्या आणि परदेशातून खरमरीत पत्र आलं. मोठ्या साहेबांनी नकाशा उजेडात धरला नि कपाळावर हात मारला.

"अहो मास्तर, ही कागदाची घडी आहे!"

पुढची सगळी बॉनेटं सपाट निघाली. मास्तरांचं नाव मात्र 'घडीमास्तर' पडलं ते कायमचं. कारखाना बंद पडला तरी कुणाच्या लग्नात हमखास तीच हाक यायची. ते हसून सोडून द्यायचे आणि पंगतीला न थांबता घरी यायचे. त्या चाळिसातली ही एकच गाडी उरली होती. मुलीने दोन वर्षं खपून ती उभी केली. परदेशी कंपनी अस्सलपणाचा दाखला द्यायला तयार होती, पण जादा रेघ घालवली तरच. आज तपासणीला कंपनीच्या बाई यायच्या होत्या.

त्या वेळेआधीच आल्या. साठीच्या, काखेत गुंडाळलेला मोठा कागद. बॉनेट दिसताच दारात थबकल्या. मग जवळ येऊन त्यांनी रेघेवर तळहात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"पाच मिनिटं द्या, सपाट करतो," मास्तर ओशाळून म्हणाले आणि त्यांनी हातोडा उचलला. मुलीने ते बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंनी मास्तरांचं मनगटच धरलं.

मग त्यांनी कागद पसरला. मूळ नकाशा होता, एकही घडी न पडलेला. रेघ तिथेच होती, रबराने खोडलेली.

मुलगी त्यांचं बोलणं सांगू लागली. "बाबा, ही गाडी यांच्या वडिलांनी आखली. रेघ त्यांचीच. मालक म्हणाले, ठोकायला फार वेळ जाईल, खोडून टाका. वडिलांनी खोडली, पण तुमच्या नकलेत पुसट राहिली असणार. ते मरेपर्यंत त्या गाडीत बसले नाहीत. म्हणायचे, ही माझी नव्हे."

मास्तरांनी हातोडा स्टुलावर ठेवून दिला. बाई ओल्या डोळ्यांनी काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, अस्सल गाडी इथेच बनली. त्यांच्याकडे जन्मभर नकलाच निघत राहिल्या."