पांढरं दूध

हळद-मिऱ्यानं मेंदूला बळ येतं असं मोबाइलवर वाचल्यापासून संयोगिता सासूला, आक्कांना, रोज पिवळं दूध द्यायची. त्या तरीही दिवेलागणीला विचारायच्या, "उदय आला न्हाय व्हय अजून?"

"येतील की," ती म्हणायची.

उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावरनं कुटून आणली. दरसालासारखी आक्कांनी पहिली बरणी पुण्याच्या लेकासाठी, उदयसाठी भरायला घेतली आणि मध्येच थांबल्या.

"उदय देवाघरी गेला की गं," त्या म्हणाल्या. बरणी परत पातेल्यात रिकामी केली.

त्या संध्याकाळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संयोगितानं दूध पांढरंच दिलं. दिवेलागणीला ती आक्कांजवळ जाऊन बसली, त्या तिच्या नवऱ्याचं नाव कधी काढतायत याची वाट बघत.