पहिली घागर

कुलदीपच्या लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हा टोल्यावर साहेब आले आणि म्हणाले, "इथली सगळ्यात नवी सून कोण? बोलवा तिला."

कोणी हललं नाही.

बपेरा गावाच्या पुढे, जंगलाच्या कडेला हा टोला, मोजक्या घरांची वस्ती. जंगलातून विजेचे खांब आणायचे जमले नाही, म्हणून इथं तार कधी आलीच नाही. शेवटी उन्हावर चालणारा पंप आला. लोखंडी चौकटीवर निळ्या पाट्या, उंचावर टाकी, खाली नळ आणि शेजारी लोखंडी पेटी, तिच्यात पंपाचं बटण आणि नळाचा व्हॉल्व्ह. नळाला आज लाल फीत बांधली होती. फितीजवळ साहेब, ठेकेदार विनोद, ग्रामसेवक आणि फोटोवाला.

टोल्यात एक रीत आहे. नवी विहीर असो की बोअर, पहिली घागर गावातल्या सगळ्यात नव्या सुनेनं भरायची. मगच बाकीच्या बायांनी. विनोदने ही रीत साहेबांना गाडीत सांगितली. साहेबांना ती फार आवडली. त्यांनी तुमसरच्या बाजारात गाडी थांबवून पितळेची घागर घेतली आणि तिला झेंडूचा हार घातला.

विनोदची नजर गर्दीतून फिरली आणि कुलदीपच्या आईवर थांबली. "अवो रत्नाबाई, तुमच्याच घरी तं लग्न झालं ना! मी पंगतीले होतो. बोलवा सुनेले. एवढी कायले लाजून राहिली?"

ग्रामसेवकाने मागून त्याचा सदरा ओढला. ग्रामसेवकाला सगळं माहीत होतं. कार्यक्रम मोडू नये म्हणून तो महिनाभर गप्प बसला होता. विनोदला सदऱ्याचा इशारा कळला नाही.

रत्नाबाई पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "इनोदभाऊ, या पेटीले कुलूप कोनं लावलं होतं?"

"मीच लावलं."

"कवा?"

"शिमग्याच्या आगंमागं."

"तवा पंप चालत होता?"

विनोद हसला. त्याने साहेबांकडे पाहिलं. कामाची तारीफ सांगायची संधी त्याला आयती मिळाली होती. "चालत होता म्हंजे? टेस्टिंग केली तवा टाकी भरून वाहून गेली, बाई. पानी कसं, काचावानी! पन आचारसंहिता लागली ना. उद्घाटन झाल्याबिगर कसा चालू करनार? म्हनून कुलूप."

"आन् जुना हातपंप?"

"थो तं काढावाच लागला. त्याच बोअरमंधी मोटर सोडली."

विनोद बोलून गेला आणि टोल्यातल्या बाया त्याच्याकडे बघत राहिल्या. हातपंप काढला होता. नवा पंप कुलपात होता. फागुन गेला, चैत गेला. रोज सकाळी त्या भरलेल्या टाकीखालून जायच्या, नाल्याच्या कोरड्या पात्रात वाळू उकरायच्या आणि झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी काढायच्या. पाणी खाली गेलं तसा झिरा खोल होत गेला. चैत सरता सरता तो माणूसभर खोल झाला, तेव्हा जी अंगानं सडपातळ असेल तिला आत उतरवावं लागे.

कुलदीपने एकदा कुलपावर कुऱ्हाड उगारली होती. टोल्याचा म्हातारा गोमाजी आडवा झाला. "सरकारी वस्तू हाय, बाप्पा. केस होईन. आन् पयलं पानी असं चोरून घेत नसतात. रीतीनं होऊ दे." रत्नाबाईनेही लेकाचा हात धरला होता. तिला हौस होती. पहिली घागर तिच्या घरची सून भरणार होती.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अहो, त्या नसतील तर दुसरी कोणी येऊ द्या. पुढे आणखी दोन कार्यक्रम आहेत."

विनोदने हार घातलेली घागर सीताबाईच्या सुनेपुढे धरली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्याने ती दुसरीपुढे धरली. तिनेही हात मागे घेतले. मग तो घागर घेऊन नुसताच उभा राहिला.

"हे काय चाललंय?" साहेब चिडले. "लाखोंचा पंप दिला तुम्हाला. त्याची काही किंमत आहे की नाही?"

"हाय ना," रत्नाबाई म्हणाली. "आमी देऊन चुकलो."

साहेबांना ते समजलं नाही. रत्नाबाईचा आवाज चढला नव्हता.

"पयली घागर तिचीच हाय, साहेब. दुसरी कोनी हात लावनार नाही. थे नाल्यात हाय. चला बोलवाले. कुलूप तुमी लावलं, आवाजबी तुमीच द्या."

ती वळून नाल्याकडे चालू लागली. तिच्या मागे कुलदीप, त्याच्या मागे सगळ्या बाया. साहेबांना वाटलं, नव्या सुनेला वाजतगाजत आणायची हीसुद्धा एक रीतच असेल. ते मागे निघाले. फोटोवाला पळत पुढे गेला. ग्रामसेवक टाकीखालीच थांबला.

नाल्यात पाणी नव्हतं. पांढरी वाळू होती आणि एके ठिकाणी ती खचून तिचा रुंद खड्डा झाला होता. काठावर कुदळ आणि घमेली अजून तशीच पडलेली होती. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठे आहे ती?"

कुलदीपची बायको रिता अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सकाळी, पितरांच्या घागरीसाठी ताजं पाणी काढायला या झिऱ्यात उतरली आणि वाळू अंगावर कोसळून मेली.